घरच्या घरीं छायाचित्र लहान करणें

फैजपूर हें सातपुड्याच्या पायथ्याशीं, यावल तालुक्यांत वसलेलें, केळीच्या बागांनीं वेढलेलें गांव. तेथील एखाद्या सुशिक्षित घराचें दृश्य डोळ्यांपुढें आणावें. मुलगी पदवीधर झालेली आहे, बँकांतील नोकरभरतीची जाहिरात निघालेली आहे, आणि अर्जाची मुदत उद्यां संपणार आहे. पूर्वीं अर्ज म्हटला कीं कागद, टांक आणि पोस्टाचें तिकीट एवढी सामग्री पुरत असे. आतां अर्ज संगणकावर भरावयाचा, आणि त्याला जोडावयाचें छायाचित्रही त्याच मार्गानें धाडावयाचें. मुलीनें मोबाईलवर छायाचित्र काढलें, तें उत्तम उतरलें. पण अर्जाचें पान कांहीं केल्या तें स्वीकारीना. छायाचित्र ५० किलोबाइटांहून मोठें नको, असा त्याचा हट्ट. आणि मोबाईलनें काढलेलें छायाचित्र तर चार मेगाबाइटांचें, म्हणजे मर्यादेच्या सुमारें ८० पट!

अशा वेळीं घरांतलें कोणी तरी तोडगा सुचवितें. छायाचित्रें फुकट लहान करून देणारीं संकेतस्थळें पुष्कळ आहेत. त्यांपैकीं एक उघडावें, छायाचित्र निवडावें, बटण दाबावें. दोन क्षणांत काम होतें. अर्ज जातो, घर सुटकेचा निःश्वास टाकतें, आणि मंडळी जेवावयास बसतात. त्या दोन क्षणांत मुलीचें छायाचित्र कोठें जाऊन आलें, हा प्रश्न मात्र कोणाच्याही मनांत येत नाहीं.

हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाहीं. आयबीपीएस या संस्थेमार्फत बँकांच्या भरतीसाठीं ज्या सामाईक परीक्षा होतात, त्यांच्या अर्जाला नुसतें छायाचित्र जोडून भागत नाहीं. छायाचित्र २० ते ५० किलोबाइटांचें, सही १० ते २० किलोबाइटांची, आणि त्याखेरीज डाव्या अंगठ्याचा ठसा व स्वतःच्या हस्ताक्षरांत लिहिलेलें घोषणापत्र, हीं सर्व चित्ररूपानें द्यावीं लागतात. म्हणजे चेहरा, सही, अंगठा आणि अक्षर, मनुष्याची ओळख पटविणाऱ्या चारही खुणा एकाच संध्याकाळीं, एकाच अनोळखी संकेतस्थळाच्या हवालीं केल्या जातात. चोरीस गेलेला परवलीचा शब्द बदलतां येतो. कुलूप नवें घेतां येतें. अंगठा मात्र जन्माचा एकच.

येथें जुन्या तारेची आठवण होते. भारतांतील तारसेवा जुलै २०१३ मध्यें बंद झाली. परंतु तारेचा मजकूर कसा लिहीत, हें वडील माणसांच्या चांगलें स्मरणांत आहे. दर शब्दास पैसे पडत, म्हणून मजकूर आटोपशीर करावा लागे. ज्याला आटोपशीर मजकूर लिहितां येत असे, तो घरींच कागदावर शब्द मोजून तयार होई. ज्याला तें साधत नसे, तो दुसऱ्याला सारी हकीकत सांगे आणि म्हणे, “यांतलें काय तें थोडक्यांत लिहून द्या.” काम दोघांचेंही होई, पण दुसऱ्याची घरगुती गोष्ट परक्याच्या कानीं पडलेली असे. छायाचित्र लहान करण्याच्याही नेमक्या अशाच दोन रीति आहेत. पहिल्या रीतींत छायाचित्र आपल्याच यंत्रावर लहान होतें. दुसरींत तें मूळ रूपांत दूरच्या कोणाच्या तरी संगणकाकडे जातें, तेथें लहान होतें, आणि परत येतें. परत आलें म्हणजे तेथें कांहीं उरलें नाहीं, असें मात्र नव्हे. जें आलें ती प्रत असते, आणि मूळ तेथें किती काळ राहील हें सर्वस्वीं त्या संगणकाच्या मालकाच्या इच्छेवर अवलंबून असतें.

हें नीट समजण्यासाठीं छायाचित्र लहान होतें म्हणजे काय होतें, तें आधीं पाहिलें पाहिजे.

मोबाईलचें छायाचित्र म्हणजे बारीक रंगीत ठिपक्यांची एक मोठी जाळी. रुंदींत ४,००० आणि उंचींत ३,००० ठिपके धरले, तर एकूण १ कोटि २० लक्ष ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्यासाठीं लाल, हिरवा आणि निळा या तीन रंगांचें प्रमाण सांगणारे तीन आंकडे लागतात. एका आंकड्यास एक बाइट धरला, तर हें छायाचित्र ३ कोटि ६० लक्ष बाइटांचें, म्हणजे सुमारें ३६ मेगाबाइटांचें झालें पाहिजे. तें तीन-चार मेगाबाइटांतच मावतें, याचा अर्थ मोबाईलनें साठवितांनाच त्याची एकदां घडी घातलेली असते.

आतां अर्जाला हवें असलेलें छायाचित्र किती ठिपक्यांचें? सामाईक परीक्षेच्या सूचनांत तें २०० रुंद आणि २३० उंच सांगितलेलें असतें. म्हणजे अवघे ४६,००० ठिपके. मूळच्या छायाचित्राच्या सुमारें दोनशेंसाठाव्या हिश्शाइतके! तिपटीनें त्याचे १ लक्ष ३८ हजार बाइट होतात. एवढे ५० किलोबाइटांत बसवावयास त्यांची जेमतेम तिसऱ्या हिश्शापर्यंत घडी घालावी लागते. तात्पर्य, लहान करण्याचें मुख्य काम ठिपके कमी करण्यानेंच होतें. जो मनुष्य ठिपके कमी न करतां केवळ घडीवर घडी घालीत जातो, त्याचा चेहरा भिजलेल्या वर्तमानपत्रांतील चित्रासारखा दिसूं लागतो.

ही घडी घालण्याची सर्वांत प्रचलित पद्धति म्हणजे जेपेग. तिचें प्रमाणपत्रक १९९२ सालीं ठरलें, आणि आज जगांतील बहुतेक छायाचित्रें तिच्याच आधारानें हिंडतात. तिच्या मुळाशीं जें गणित आहे, त्याचे एक जनक मूळचे बंगळूरचे नासिर अहमद हे होत. अमेरिकेंत अध्यापन करीत असतांना त्यांनीं या कल्पनेच्या अभ्यासासाठीं अनुदान मागितलें होतें. तें त्यांना नाकारण्यांत आलें. तरीही काम थांबलें नाहीं, आणि १९७४ सालीं टी. नटराजन् व के. आर. राव यांच्यासह त्यांनीं आपला निबंध प्रसिद्ध केला. फैजपूरच्या मुलीचें छायाचित्र ज्या गणितानें आटोपशीर होतें, त्याला असा एक हिंदी हात लागलेला आहे.

या पद्धतींत चार पायऱ्या असतात. पहिल्या पायरीवर प्रकाश आणि रंग वेगळे केले जातात. मनुष्याचा डोळा उजेड-अंधारांतील बारीक फरक चटकन् टिपतो, पण रंगांतील बारीक फरकांच्या बाबतींत तो मंद असतो. म्हणून प्रकाशाचा आंकडा प्रत्येक ठिपक्यास ठेवतात आणि रंगाचे दोन आंकडे चार ठिपक्यांच्या चौकटीस मिळून एकदांच ठेवतात. चार ठिपक्यांस बारा आंकडे लागत, तेथें आतां सहा पुरतात. डोळ्यास कांहीं न कळतां ओझें निम्में झालें!

दुसऱ्या पायरीवर चित्राचे आठ ठिपके रुंद आणि आठ ठिपके उंच असे चौकोन पाडतात. प्रत्येक चौकोनांत ६४ ठिपके. अहमद यांच्या गणितानें या ६४ ठिपक्यांच्या जागीं दुसरे ६४ आंकडे येतात. त्यांतला पहिला आंकडा चौकोनाची सरासरी छटा सांगतो. पुढले आंकडे त्या छटेंत रुंद चढउतार किती, मध्यम किती आणि अगदीं बारीक किती, हें क्रमानें सांगतात. कपाळ, भिंत किंवा आकाश यांसारख्या सपाट भागांत बारीक चढउतार जवळजवळ नसतातच. तेथें शेवटचे बहुतेक आंकडे नगण्य निघतात.

तिसऱ्या पायरीवर खरी काटछाट होते. प्रत्येक आंकड्यास एका ठराविक संख्येनें भागून भागाकार पूर्णांकांत बसवितात. समजा, भाजक १६ आहे. ९० या आंकड्याचा भागाकार ५.६ येतो, तो ६ धरतात. ७ या आंकड्याचा ०.४ येतो, तो शून्य धरतात. पुन्हां चित्र उभें करतांना ६ ला १६ नें गुणिलें तर ९६ येतात, ९० नव्हेत. आणि ७ तर कायमचा गेला. येथें जें गेलें तें पुन्हां कोणत्याही उपायानें मिळत नाहीं. ‘दर्जा’ म्हणून जो सरकणारा कांटा अशा संकेतस्थळावर दिसतो, तो या भाजकांना लहान-मोठें करीत असतो. भाजक जितका मोठा, तितकीं शून्यें अधिक आणि चित्र तितकें हलकें.

चौथी पायरी निव्वळ हिशेबाची. ओळीनें आलेलीं शून्यें एकेक न लिहितां ‘पुढें इतकीं शून्यें’ एवढेंच लिहावयाचें, आणि जे आंकडे वारंवार येतात त्यांना आंखूड खूण द्यावयाची. तारेच्या कडकट्टांतही हीच युक्ति होती; इंग्रजींत वारंवार येणाऱ्या अक्षरास एकच टिंब, क्वचित् येणाऱ्यास चार खुणा.

यावरून व्यवहाराच्या दोन गोष्टी निघतात. एक, जेपेग छायाचित्र उघडून त्यांत फेरफार करून पुनःपुन्हां साठविलें, तर वारंवार काटछाट होऊन तें झिजत जातें. म्हणून प्रत्येक वेळीं मूळ प्रतीवरूनच लहान प्रत काढावी. दुसरी, सही आणि हस्ताक्षर यांच्या कडा तीक्ष्ण असतात. त्यांतले बारीक चढउतार छाटले कीं अक्षरांभोंवतीं मुंग्या जमल्यासारखे डाग दिसतात. त्यासाठीं सही पांढऱ्या कागदावर काळ्या शाईनें ठळक करावी, चांगल्या उजेडांत टिपावी, भोंवतालचा कोरा कागद कापून टाकावा, आणि मगच लहान करावी.

आतां मुख्य मुद्दा. ही सारी चार पायऱ्यांची करामत कोठें घडते? वीस-पंचवीस वर्षांपूर्वीं ती संकेतस्थळाच्या पानांत घडणें शक्यच नव्हतें. म्हणून छायाचित्र दूर पाठवावेंच लागे. आज तशी गरज उरलेली नाहीं. ब्राउझर, म्हणजे ज्या खिडकींतून संकेतस्थळें पाहिलीं जातात तो कार्यक्रम, हें काम स्वतः करूं शकतो. संकेतस्थळ उघडलें कीं पानाबरोबर कामाच्या सूचनाही घरच्या संगणकावर उतरतात आणि तेथेंच चालतात. जणूं शिंप्याकडे कापड न पाठवितां शिंपीच ओसरीवर येऊन बसला! २००४ सालीं ॲपल कंपनीनें ‘कॅनव्हास’ नांवाचा कोरा पट ब्राउझरमध्यें आणला. पुढें सर्व ब्राउझरांनीं तो स्वीकारला. निवडलेलें छायाचित्र या पटावर हव्या त्या मापानें पुन्हां रेखाटावयाचें, आणि ‘याची अमुक दर्जाची जेपेग प्रत दे’ असें ब्राउझरला सांगावयाचें, एवढेंच काम उरतें. ५० किलोबाइटांची मर्यादा असेल, तर कार्यक्रम आधीं उंच दर्जा घेऊन पाहतो. प्रत मोठी आली तर निम्मा घेतो, फारच लहान आली तर मधला. अशा पांच-सात फेऱ्यांत नेमकें माप सांपडतें. २०१७ सालीं प्रमुख ब्राउझरांत ‘वेबअसेंब्ली’ ही सोय आल्यावर अधिक अवघड पद्धतिही घरच्या यंत्रावर वेगानें चालूं लागल्या. गुगलच्या क्रोम विभागानें २०१८ सालीं काढलेलें ‘स्क्वूश’ हें साधन याच तत्त्वावर उभें आहे. छायाचित्र यंत्राबाहेर न नेतां तें लहान करतें.

अडचण एवढीच कीं, बाहेरून पाहणाऱ्यास दोन्ही प्रकारचीं संकेतस्थळें सारखींच दिसतात. ‘छायाचित्र निवडा’ हें बटण दोहोंवर असतें. ब्राउझर कोणत्याही पानास घरच्या संगणकांतील फायली आपण होऊन चाळूं देत नाहीं, हें खरें. पण मनुष्यानें स्वतःच्या हातानें एक फाईल निवडून दिली कीं ती त्या पानाच्या स्वाधीन होते. पुढें तें तिच्यावर तेथेंच काम करील, किंवा ती दूर पाठवील. ‘आपली माहिती सुरक्षित आहे’ असें पानावर लिहिलेलें असलें, तरी लिहिणें सोपें असतें.

सुदैवानें याची परीक्षा कोणासही घरीं करतां येते. संकेतस्थळ उघडावें, तें पूर्ण उतरलें कीं इंटरनेट बंद करावें, मोबाईलवर विमान-चिन्हाचें बटण दाबलें तरी पुरे, मात्र वायफायही बंद झालें आहे ना, हें पाहावें. मग छायाचित्र निवडून लहान करून पाहावें. जोडणी तुटलेली असतांही लहान प्रत हातीं आली, तर काम घरच्याच यंत्रावर झालें, याविषयीं शंका उरत नाहीं. काम अडलें तर तें संकेतस्थळ लबाडच आहे असें नव्हे. सूचनांचा एखादा भाग तें मागाहून मागवीत असेल. पण खात्री पटत नसेल तर दुसरें पाहावें, हें बरें. या परीक्षेंतही एक पळवाट आहे. एखादें पान फाईल जवळ ठेवून, जोडणी परत येतांच ती पाठवूं शकेल. म्हणून हें काम ब्राउझरच्या खासगी खिडकींत करावें, प्रत साठवून झाल्यावर ती खिडकी बंद करावी, आणि त्यानंतरच इंटरनेट सुरू करावें. खासगी खिडकी बंद होतांच पानानें तींत साठविलेलें पुसलें जातें. जे संगणकांत थोडे मुरलेले आहेत, ते एफ-१२ ही कळ दाबून ‘नेटवर्क’ या सदरांत छायाचित्राएवढें ओझें बाहेर जात आहे कीं काय, हेंही पाहूं शकतात. आणि ज्यांना संकेतस्थळाचा भरंवसाच नको, त्यांना विंडोजच्या संगणकांतील ‘पेंट’ हा साधा कार्यक्रमही ठिपके कमी करून देतो.

घरींच लहान करण्याचा आणखी एक लाभ आहे. मोबाईलच्या छायाचित्राच्या पोटांत दिसणाऱ्या चित्राखेरीज एक चिठ्ठी दडलेली असते. छायाचित्र कोणत्या दिवशीं, किती वाजतां, कोणत्या जातीच्या मोबाईलनें काढलें, आणि मोबाईलमध्यें स्थान टिपण्याची परवानगी दिलेली असेल तर पृथ्वीवरील कोणत्या अक्षांश-रेखांशावर काढलें, हें सारें तींत लिहिलेलें असतें. अंगणांत उभें राहून काढलेल्या छायाचित्रांत अशा रीतीनें घराचा पत्ताच असतो. कॅनव्हासच्या पटावर चित्र पुन्हां रेखाटलें जातें तेव्हां केवळ ठिपके उतरतात. चिठ्ठी मागें राहते. मूळ छायाचित्र परक्याकडे धाडलें तर चिठ्ठीही त्याच्याबरोबर जाते.

या उपायानें सारें भय संपतें असें मात्र मानूं नये. पुष्कळ घरीं संगणक नसतो. अर्ज भरून देणाऱ्या दुकानांत जावें लागतें, आणि कागदपत्रें दुकानदाराच्या मोबाईलवर व्हॉट्सॲपनें पाठविलीं जातात. तेथें ब्राउझर कितीही विश्वासू असला तरी दुकानाच्या संगणकांत आणि मोबाईलमध्यें प्रती पडून राहतात. काम संपल्यावर त्या समोर उभें राहून पुसून घ्याव्यात, यांत भिडेचें कारण नाहीं. शक्य तर छायाचित्र आणि सही घरींच लहान करून न्यावी आणि आधारपत्राची प्रत पहिले आठ आंकडे झांकलेली असावी. अशी प्रत सरकारी संकेतस्थळावरूनच मिळते.

२४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानें एकमतानें निर्णय दिला कीं, खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. २०२३ सालीं वैयक्तिक माहितीच्या रक्षणासाठीं संसदेनें कायदाही केला. हें सर्व इष्टच आहे. पण कायदा बहुधा हानि झाल्यावर दाद देतो. आणि जें संकेतस्थळ कोणाचें, कोणत्या देशांतलें, हेंच ठाऊक नाहीं, त्याच्याविरुद्ध दाद मागावयाची तरी कोठें? जी वस्तु घराबाहेर गेलीच नाहीं, तिच्यासाठीं दाद मागण्याची वेळच येत नाहीं.

फैजपूरला या विचाराचें एक जुनें नातें आहे. डिसेंबर १९३६ मध्यें राष्ट्रीय सभेचें अधिवेशन प्रथमच एका खेड्यांत भरलें, तें याच गांवीं; अध्यक्ष होते पंडित जवाहरलाल नेहरू. त्या नगराची सजावट गांधीजींनीं शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांच्याकडे सोंपविली. बोस यांनीं शहरांतून भपकेबाज सामान मागविलें नाहीं. बांबू आणि त्यासारखें जें साहित्य खेड्यांत सहज मिळतें, त्यांतूनच दारें आणि मंडप उभे केले. जें घरच्या साधनांनीं होण्यासारखें आहे, त्यासाठीं दूरच्याचें दार ठोठावूं नये, हा त्या मंडपांचा न बोललेला धडा होता.

खानदेशांतील एखाद्या घरच्या ट्रंकेंत त्या काळचें पिवळें पडलेलें छायाचित्र आजही निघेल, आणि घरांतली नात तें मोबाईलनें टिपून नातेवाइकांना पाठवूं पाहील. तिनें पाठविण्याची प्रत खुशाल लहान करावी. पण मूळ टिपलेलें चित्र पूर्ण मापाचें, जसेंच्या तसें जपून ठेवावें, कारण एकदां छाटलेले ठिपके परत येत नाहींत. आणि उद्यां तिच्याच अर्जासाठीं अंगठ्याचा ठसा लहान करावयाचा झाला, तर बटण दाबण्यापूर्वीं तिनें क्षणभर थांबून इंटरनेट बंद करावें. त्याला दोन मिनिटें अधिक लागतील. मुदत उद्यांची असली, तरी तेवढा वेळ निघतो.